काट्यातून उलगडलेले रहस्य : इल्या मेच्निकॉव्ह

बोटात काटा मोडला की एकदोन दिवसांत तेथे पू धरतो, हा अनुभव कोणाला नाही? परंतु त्या पुवात आपल्या रक्षणार्थ धारातीर्थी पडलेले सैनिक असतात, हे जगाला पटवून देण्यासाठी एका शास्त्रज्ञाला पाव शतक झगडावे लागले. त्या इल्या मेच्निकॉव्ह यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहो.

त्यांचा जन्म १८४५ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकोव्ह शहराजवळील एका खेड्यात झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यास त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला. पुढे ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणारे हाफकीन हे तेथील त्यांचेच शिष्य. १८७३ साली त्यांची प्रथम पत्नी क्षयाने निवर्तली. १८८२ साली विद्यापीठातील कलहास कंटाळून त्यांनी राजीनामा दिला व ते इटलीतील मेसिना येथे जाऊन राहिले.

तेथे एके दिवशी त्यांनी तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! मात्र काटा म्हणजे काही रोग नव्हे. म्हणून त्यांनी पाणपिसू हा इवलासा पारदर्शक जीव घेतला. एका परोपजीवी बुरशीचे सुईसारखे बीजाणू त्याच्या आतड्याला भोके पाडून शरीरात शिरत. पेशींनी ते गिळून टाकले तर पिसू वाचे; पेशी हरल्या तर ती मरे. हा वृत्तान्त १८८४ साली प्रसिद्ध झाला. या पेशींना भक्षकपेशी हे नाव मिळाले.

पुवातील पेशी उलट रोगजंतू शरीरभर पसरवितात, असे तेव्हाचे वैद्य मानीत. रक्षण करतो तो रक्तरस, पेशी नव्हेत, असे जर्मन पंडितांचे म्हणणे. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत राहून मेच्निकॉव्ह यांनी प्रत्येक आक्षेपाला नव्या प्रयोगाने उत्तर दिले. अखेर १९०८ साली नोबेल पारितोषिक त्यांना व रक्तरसपक्षाचे पुरस्कर्ते एअरलिख यांना विभागून मिळाले. १९१६ साली पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले.

दोन्ही पक्ष आपापल्या परी खरे होते. शिवाय या पेशी एकमेकींना रासायनिक संदेश धाडतात, हे पुढे उघड झाले. काळा आजाराचा परोपजीवी वाळूमाशीच्या दंशातून येतो आणि भक्षकपेशीच्याच पोटात सुखाने वाढतो. शत्रू गिळला, तरी तो मेला नाही! अशा वेळी टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा हे द्रव्य सोडतात. तो निरोप पोहोचताच भक्षकपेशी विषारी द्रव्ये निर्माण करून आतल्या शत्रूला ठार करते. भक्षकपेशीला चेतविण्याचे या द्रव्याचे कार्य १९८३ साली सिद्ध झाले. हा निरोप दुबळा पडला, तर रोग बळावतो.

केवळ शौर्याने गड राखला जात नाही; वेळेवर इशाराही मिळावा लागतो. आपल्या देहात अहोरात्र चाललेल्या या पहाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी मेच्निकॉव्ह यांनी दिली. पुढच्या खेपेस काटा मोडेल, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे स्मरण करावे.