मेहदीपट्टणमचे मेहदी नवाज जंग

आपल्या हैद्राबादेत माणसे जातात आणि त्यांची नावे वस्त्यांना चिकटून राहतात. मेहदीपट्टणम हे असेच एक नाव. माझ्याकडे गाणे शिकावयास येणाऱ्या मुलांपैकी निम्मी त्या बाजूने येतात. परंतु हे मेहदी कोण, असे विचारले तर बहुतेक गप्प राहतात. जुन्या मराठी घरांतील वडीलधाऱ्यांना निराळे सांगावयास नको. पण नातवंडांसाठी नवाब मेहदी नवाज जंग यांची हकीकत एकदा लिहून ठेवावी असे वाटते.

त्यांचा जन्म १८९४ चा. चौदा वर्षांचे असताना, १९०८ साली, मुसीला महापूर आला आणि अर्धे शहर उघड्यावर पडले. त्यातून शहरसुधारणेचा विचार रुजला आणि १९१२ साली सुधारणा मंडळ स्थापन झाले. निजाम सरकारच्या नोकरीत शिरलेल्या मेहदी साहेबांकडे पुढे नगरपालिकेची कमिशनरकी आली. महाराजा किशनप्रसादांचे चरित्रही त्यांनी उर्दूत लिहिले, म्हणजे केवळ फायलींत रमणारा हा गृहस्थ नव्हता.

बंजारा हिल्स त्या काळी खडकाळ रान होते. तेथे त्यांनी घर बांधले ते खडक न फोडता, खडकांना सामावून घेऊन. आसपास बंजाऱ्यांचे तांडे होते. घराला नाव दिले ते त्यांचेच. आज त्या टेकडीवर सुरुंग लावून किती शिळा फोडल्या गेल्या हे पाहिले, म्हणजे त्या घराची गोष्ट नुसती हौसेची वाटत नाही. आधी तेथे कोण आहे, काय आहे, ते पाहावे आणि मग आपली रेघ ओढावी, असा तो विचार होता.

१९५२ साली हैद्राबाद राज्यात बुर्गुल रामकृष्णरावांचे मंत्रिमंडळ आले. त्यात सार्वजनिक बांधकाम खाते मेहदी साहेबांकडे होते. त्या राज्यात तेलंगण होते, कानडी जिल्हे होते आणि आपला मराठवाडाही होता. एका बाजूस राजधानी, तिचे रस्ते आणि बेगमपेठेचे विमानतळ. दुसऱ्या बाजूस पावसाळ्यात तुटून पडणारी खेडी. रुपया एकच आणि मागणारे दहा. असे खाते सांभाळणाऱ्याला ही ओढाताण चुकत नाही.

१९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपली घरे येथेच राहिली. मेहदी साहेबही येथे राहिले आणि आंध्र प्रदेशाचे मंत्री झाले. पुढे योगायोग असा, की १ मे १९६० रोजी महाराष्ट्र जन्मास आला त्याच दिवशी जन्मलेल्या गुजरातचे पहिले राज्यपाल हे आपले हैद्राबादी गृहस्थ झाले. १९६५ पर्यंत ते तेथे होते. १९६७ साली निवर्तले.

नंतर शहर वाढले. २००८ च्या मार्चात प्रवासी विमाने बेगमपेठ सोडून शमशाबादला गेली, आणि विमानतळ हाकेवरून कोसांवर गेले. जुन्या हद्दीबाहेरच्या या रस्त्याचा खर्च कोणी सोसावा, आणि त्यापायी गल्लीबोळ वाट पाहत राहावेत काय, हा नगरसभांचा नेहमीचा वाद. २००९ साली नरसिंह रावांच्या नावाचा, सुमारे साडेअकरा किलोमीटरचा उंच मार्ग खुला झाला. तो सुरू होतो मेहदीपट्टणमलाच. मोटार वरून सुटते. भाजीवाला, शाळेची मुले आणि बसची वाट पाहणारे खालीच राहतात.

विमानतळाचा रस्ता नको असे मी म्हणणार नाही. परदेशी असलेली मुले घरी येतात ती त्याच वाटेने. परंतु मेहदी साहेबांच्या पुढाकाराने १९५५ साली उभे राहिलेले कर्करोगाचे रुग्णालय रेड हिल्सवर आजही त्यांचेच नाव मिरवीत आहे. जिल्ह्यांतून तेथे येणारा गरीब रुग्ण विमानाने येत नाही. तो बसने किंवा रेल्वेने येतो, आणि शेवटची वाट खड्डे चुकवीत, कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेत चालतो. रस्त्याच्या पैशांची वाटणी करावयास बसणाऱ्यांनी विमानतळावर पोचावयास लागणारी मिनिटे जरूर मोजावीत; पण या माणसाची पावले त्याआधी मोजावीत. वस्तीला ज्याचे नाव दिले, त्याच्या नावाचा एवढा मान तरी आपण राखावयास हवा.