जोतीराव फुले व अमेरिकेतील यादवी

जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ सालचा. त्यांच्या तारुण्यात अमेरिका देश गुलामांच्या प्रश्नावरून दुभंगत होता. १८२० व १८५० साली तेथील पुढाऱ्यांनी तडजोडी केल्या. परंतु लांबणीवर टाकल्याने अन्याय मिटला नाही. १८६१ साली यादवी पेटली व सहा लाखांवर माणसे पडली, तेव्हा कोठे १८६५ साली गुलामगिरी गेली. जोतीरावांनी हे जाणले. १८४८ सालीच पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या पुरुषाने १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकनांस अर्पण केले व सत्यशोधक समाज स्थापिला. दोनच वर्षांनी बारामतीजवळच्या सुप्यास कुणब्यांनी सावकारांची खते जाळली. जोतीराव १८९० साली निवर्तले. कन्हेरी-बारामतीच्या व्यापारी मंडळींनी एवढे ध्यानी धरावे, की जो न्याय शाळेने व कायद्याने वेळीच होत नाही, तो पुढे आगीच्या वाटेने येतो.