उस्ताद अमीर खाँ

इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीच्या व्यवहारात मग्न असतो आणि रात्री खवय्यांच्या गर्दीने फुलून जातो. त्याच भागातील एका जुन्या घरातून आमच्या शाळेस एक बंद पडलेला रेडिओग्राम आणि उस्ताद अमीर खाँ यांची मारवा व दरबारी या रागांची, १९६० साली निघालेली ध्वनिमुद्रिका भेट मिळाली. यंत्र कसेबसे चालू केले, तो आवाज मंद्र सप्तकात उतरताच स्पीकर खरखरू लागला. खाँसाहेबांच्या गायकीचे घर तर मंद्रातच! तेव्हा स्पीकर दुरुस्त करावयाचा असे आम्ही ठरविले, आणि त्या निमित्ताने खाँसाहेबांचे चरित्रही मिळवून वाचले.

त्यांचा जन्म १९१२ सालचा. वडील शहामीर खाँ हे होळकर दरबारी सारंगीवादक. अमीर नऊ वर्षांचे असता त्यांची आई वारली. वडिलांनी प्रथम सारंगी हाती दिली. पण मुलाचा ओढा गाण्याकडे दिसताच गळ्याची तालीम सुरू केली. मोजक्या स्वरांच्या नाना उलटापालटी करावयाच्या, तो मेरुखंडाचा कठोर अभ्यास या घरातलाच.

१९३४ साली ते मुंबईस गेले. तेथे त्यांच्या काही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. अशा तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. १९३६ साली ते रायगढचे राजे चक्रधर सिंह यांच्या आश्रयास गेले. त्यांच्या वतीने मिर्झापूरच्या संगीत परिषदेत गावयास बसले असता श्रोत्यांनी पंधरा मिनिटांतच गोंधळ करून त्यांना उठविले. ठुमरी गाऊन वेळ निभावून न्यावी अशी सूचना झाली, तीही त्यांनी मानली नाही. चोवीस वर्षांच्या तरुणास हा अपमान केवढा वाटला असेल! पुढल्याच वर्षी वडील निवर्तले.

त्यानंतर त्यांनी आपले गाणे नव्याने घडविले. अब्दुल वहीद खाँ यांची संथ बढत, देवासच्या रजब अली खाँ यांची तान आणि अमान अली खाँ यांची सरगम यांचे सार घेऊन चौदा मात्रांच्या झुमऱ्यात ते रागाचा एकेक स्वर उलगडीत. त्यांना घाई नसे.

इकडे आमचे काम चालूच होते. स्पीकरचा कागदी शंकू कडेस फाटला होता. त्यावर पातळ कागदाची पट्टी अगदी थोड्या डिंकाने बसविली. डिंक जास्त झाला तर शंकू जड होऊन आवाज मंदावतो. चुंबकाच्या फटीत साचलेला लोहकीस चिकटपट्टीने काढला. सराफ्यात रतीरतीचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या घरातली ही वस्तू तितक्याच जपणुकीने हाताळावी लागली.

खरी अडचण पुढे आली. मूळ अ‍ॅम्प्लिफायर जळालेला. आम्ही उत्साहाच्या भरात उत्सवातला मोठा अ‍ॅम्प्लिफायर जोडावयास निघालो होतो. विज्ञानाच्या गुरुजींनी वेळीच थांबविले, नाहीतर स्पीकरची कॉइलही जळती. पंधरा ओहमच्या त्या जुन्या स्पीकरला थोडक्या वॉटची शक्ती पुरे होती, मात्र ट्रान्सफॉर्मरचे त्याच ओहमचे टोक जोडणे अवश्य होते. शेवटी व्हॉल्व्हचा एक लहान अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. स्पीकर जोडल्यावाचून तो चालू करावयाचा नाही, ही ताकीदही मिळाली. कारण भार नसता ट्रान्सफॉर्मर बिघडतो.

‘बैजू बावरा’ (१९५२) आणि ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या चित्रपटांमुळे खाँसाहेबांचा आवाज चित्रपटगृहांत घुमला. त्यांना १९६७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७१ साली पद्मभूषण मिळाले. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. तेथेच त्यांना दफन करण्यात आले.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही मारवा पुन्हा लावला. आवाज अगदी लहान ठेवला होता. स्वर हळूहळू मंद्रात उतरला, खाली स्थिर राहिला, आणि शेवटच्या बाकावरल्या मुलासही तो स्वच्छ ऐकू आला.