इंद्रलाल रॉय

इंद्रलाल रॉय (जन्म : कोलकाता, २ डिसेंबर १८९८, मृत्यू : कार्व्हँजवळ, फ्रान्स, २२ जुलै १९१८) हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेले भारतीय लढाऊ वैमानिक होते. शत्रूची पाच किंवा त्याहून अधिक विमाने पाडणाऱ्या वैमानिकाला त्या काळी ‘एस’ म्हणत. पहिल्या महायुद्धात हा मान मिळविणारे ते एकमेव भारतीय होत. सैन्याच्या वैद्यकीय निकषांनुसार ते दोन वेळा उड्डाणास अपात्र ठरले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी तो निर्णय बदलून घेतला.

बालपण व शिक्षण

वडील प्यारेलाल रॉय हे बॅरिस्टर असून कोलकात्यात सरकारी अभियोग संचालक होते. आई ललिता रॉय या इंग्लंडमधील स्त्रियांच्या मताधिकार चळवळीत सहभागी होत्या. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या वेळी लंडनमध्ये निघालेल्या स्त्रियांच्या मिरवणुकीत भारतीय स्त्रियांची तुकडी होती, तीत त्या होत्या. आजोबा (आईचे वडील) सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती हे पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या आरंभीच्या भारतीय डॉक्टरांपैकी एक. थोरले बंधू परेशलाल यांना भारतीय मुष्टियुद्धाचे जनक मानले जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे कुटुंब लंडनला आले. घरात इंद्रलाल यांना लॅडी या लाडक्या नावाने हाक मारीत. हॅमरस्मिथ येथील सेंट पॉल्स शाळेत त्यांचे शिक्षण झाले. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. शाळेच्या कॅडेट पथकात ते होतेच. शिवाय खंदकातून डागावयाच्या उखळी तोफेचा एक आराखडा काढून त्यांनी तो युद्ध खात्याकडे पाठविला होता. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळाली असतानाही त्यांचे मन विमानांकडे ओढले गेले होते.

दृष्टिदोष आणि फेरतपासणी

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर इंद्रलाल यांनी रॉयल फ्लाइंग कोअरकडे अर्ज केला. वैद्यकीय तपासणीत दृष्टी सदोष आढळल्याने तो नाकारण्यात आला. या नकारात आकसच होता असे मानण्याचे कारण नाही. तेव्हाच्या वैमानिकाला रडारची मदत नव्हती. उघड्या कॉकपिटमध्ये, थंड वाऱ्यात, गॉगलच्या काचांमधून आकाशातला ठिपका त्याला स्वतःच हेरावा लागे आणि ते विमान आपले की परके हे पंखांवरील खुणांवरून क्षणार्धात ठरवावे लागे. डोळा अधू असलेला वैमानिक स्वतःच्या जिवाबरोबर सोबत्यांचा जीवही धोक्यात घाली. मात्र हिंदी माणसाला ब्रिटिश सैन्यात अधिकारी म्हणून प्रवेश मिळणे मुळात दुर्मीळ होते. त्यामुळे एकदा मिटलेले दार पुन्हा उघडण्याची अपेक्षा फारशी कोणी धरली नसती.

इंद्रलाल यांनी निर्णयाविरुद्ध केवळ विनवणी केली नाही. त्यांनी आपली मोटरसायकल विकली आणि त्या पैशांतून ब्रिटनमधील एका अग्रगण्य नेत्रविशारदाकडून डोळ्यांची पुन्हा तपासणी करून घेतली. त्या तज्ज्ञाचा अभिप्राय अनुकूल आला, आधीचा निर्णय रद्द झाला आणि जुलै १९१७ मध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून त्यांची नेमणूक झाली. चरित्रपर लेखनात हा प्रसंग बहुधा एका वाक्यात उरकला जातो. परंतु शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाने आपल्या मालकीची मौल्यवान वस्तू विकून लष्करी वैद्यकाचा निर्णय वैद्यकाच्याच आधारे खोडून काढावा, ही गोष्ट त्यांच्या पुढील विजयांइतकीच लक्षणीय आहे.

अपघात व दुसरा नकार

प्रशिक्षणानंतर ३० ऑक्टोबर १९१७ रोजी ते फ्रान्समध्ये ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. तेथे कॅप्टन रिचर्ड मेबरी यांच्या तुकडीत त्यांची नेमणूक होती. ६ डिसेंबर रोजी, म्हणजे एकोणिसाव्या वाढदिवसानंतर चारच दिवसांनी, त्यांचे ‘एस.ई. ५ ए’ विमान उतरताना कोसळले व ते गंभीर जखमी झाले. या अपघातानंतर त्यांना मृत समजून शवागारात ठेवण्यात आले, तेथे शुद्धीवर आल्यावर त्यांनी दार ठोठावले आणि भेदरलेल्या रखवालदाराने ते लगेच उघडले नाही, अशी कथा सांगितली जाते. पुनःपुन्हा सांगितली गेल्याने तिच्यात तपशिलांची भर पडली असावी.

दुखापतींमुळे ते उड्डाणास अपात्र ठरविले गेले. या वेळी तपासणी नुसत्या डोळ्यांची नव्हती आणि विकायला मोटरसायकलही उरली नव्हती. इंग्लंडमधील सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी विमानांची असंख्य रेखाचित्रे काढली. त्यांपैकी बरीच आजही उपलब्ध आहेत. त्याच वेळी वरिष्ठांकडे त्यांचा पाठपुरावा चालू होता. अखेर त्यांना पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळाली. दरम्यान १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल फ्लाइंग कोअरचे रूपांतर रॉयल एअर फोर्समध्ये झाले होते. जूनमध्ये ते फ्रान्सला परतले व ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय यांच्या हाताखाली दाखल झाले.

जुलै १९१८

६ जुलै रोजी त्यांनी द्रोकूरजवळ पहिले जर्मन विमान पाडले. ८ जुलैला चार तासांत तीन, १३ व १५ जुलैला प्रत्येकी दोन, १८ व १९ जुलैला एकेक अशी एकूण दहा विमाने त्यांच्या नावे नोंदली गेली. त्यांपैकी पाच नष्ट झाल्याची, तर पाच ताबा सुटून खाली गेल्याची नोंद आहे. काही श्रेय इतर वैमानिकांबरोबर विभागून दिलेले आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे या सर्वांची गणना विजयांतच होई. सदोष ठरविलेल्या दृष्टीने चौदा दिवसांत केलेली ही कामगिरी आहे.

२२ जुलै रोजी कार्व्हँच्या आकाशात फोकर डी. ७ जातीच्या जर्मन विमानांशी झालेल्या चकमकीत त्यांचे विमान पेटून कोसळले. मृत्युसमयी ते १९ वर्षांचे होते. मॅकेलरॉय हेही ३१ जुलै रोजी मारले गेले.

त्या युद्धात ब्रिटिश विमानदलात लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांत हरदित सिंग मलिक, एरोल चंदर सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर यांचाही समावेश होता. वेलिणकर यांचा अंत इंद्रलाल यांच्या आधी जेमतेम तीन आठवडे, जून १९१८ च्या अखेरीस, जर्मनांच्या कैदेत झाला.

सन्मान व वारसा

सप्टेंबर १९१८ मध्ये इंद्रलाल यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हे पदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत. फ्रान्समधील एस्तेवेल गावच्या दफनभूमीत त्यांचे थडगे असून त्यावर फ्रेंच व बंगाली भाषांत मजकूर कोरलेला आहे. कोलकात्यातील भवानीपूर भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. जन्मशताब्दीनिमित्त डिसेंबर १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

१९५४ मध्ये भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी हे नात्याने त्यांचे भाचे. सुब्रतो यांच्या पत्नी शारदा या मूळच्या पंडित घराण्यातील मराठी. पुढे १९६२ मध्ये त्या रत्नागिरी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या.