बाबासाहेबांचा मधुमेह आणि तुमचं ताट

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी त्यांना उभं राहायला काठीचा आधार लागत होता आणि ते कित्येक वर्षांचे मधुमेही होते, याकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. तुम्हाला मधुमेह असेल किंवा किडनी, लिव्हरच्या प्रत्यारोपणानंतर साखर वाढली असेल, तर त्यांच्या आयुष्याची ही बाजू जाणून घ्या.

काम मोठं, शरीर थकलेलं

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये त्यांनी पोट मारून, रात्री जागून शिक्षण घेतलं. ऑगस्ट १९४७ मध्ये ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. याच काळात मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या नसांच्या वेदनांनी त्यांना गाठलं. वेदनांमुळे रात्र रात्र झोप लागत नसे. तरीही मसुद्याचं काम थांबलं नाही.

१५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे माईसाहेब झाल्या. त्या स्वतः डॉक्टर होत्या. इन्सुलिन, पथ्य, जेवणाच्या वेळा हे सगळं त्यांनी सांभाळलं. १९५४ मध्ये बाबासाहेब काही महिने अंथरुणाला खिळले, दृष्टीही अधू झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, वयाच्या ६५ व्या वर्षी, झोपेतच त्यांचं निधन झालं.

तेव्हा काय नव्हतं?

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये लागला होता. पण घरी साखर तपासायचं यंत्र नव्हतं. लघवी रसायनात उकळून तिच्या रंगावरून अंदाज बांधत. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी नव्हती. किडनीचं जगातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टनला झालं, तेही जुळ्या भावांमध्ये. आज हे सगळं तुमच्या हाताशी आहे. ते वापरा.

प्रत्यारोपणानंतर साखर आणि वजन का वाढतं?

नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या स्टिरॉइडमुळे भूक आणि साखर दोन्ही वाढतात. टॅक्रोलिमसमुळेही साखर वाढते. म्हणून आधी मधुमेह नसलेल्यांनाही तो होऊ शकतो. पण साखर वाढली म्हणून ही औषधं स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. अवयव गमवावा लागेल.

ताटात काय असावं?

- अर्धं ताट शिजवलेल्या भाज्या, पाव ताट वरण, उसळ, अंडं किंवा मासे, आणि उरलेल्या पाव भागात ज्वारीची भाकरी, पोळी किंवा भात.
- संत्र्याचा रस नको, संत्रं खा. मात्र रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. त्यांच्यामुळे टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढतं.
- लोणचं, पापड, फरसाण कमी करा. मीठ वाढलं की रक्तदाब वाढतो.
- वजन झटपट उतरवण्यासाठी उपास, काढे, पावडरी नकोत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज चाला.

दीक्षाभूमीला जाताना

दसऱ्याच्या गर्दीत जेवणाची वेळ चुकते. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली येऊ शकते. औषधं, घरचा डबा, पाणी आणि चार चमचे साखर सोबत ठेवा. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर लगेच साखर खा. प्रत्यारोपण झालेल्यांनी मास्क लावावा आणि उघड्यावरचे पदार्थ, कापलेली फळं खाऊ नयेत.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. पथ्य एकट्या रुग्णाच्या जिवावर टिकत नाही. त्याच्यासाठी वेगळं शिजवण्यापेक्षा सगळ्यांनी तेच जेवा. पुढच्या तपासणीला जाताना आठवड्याभरात काय खाल्लं आणि साखर किती आली, हे वहीत लिहून न्या. त्यावरून तुमचे डॉक्टर औषध आणि आहार नेमका ठरवू शकतील.