विश्लेषण : अहिल्याबाई होळकरांनी विधवांच्या मालमत्तेचा हक्क कसा राखला? आज तो हक्क कायद्यात कुठे आहे?

घरातला कर्ता पुरुष गेला, की तेरावा उरकण्याआधीच जमिनीचा विषय निघतो. वारस नोंद कोणाच्या नावाने करायची, हक्कसोडपत्रावर सही कोणी करायची, सुनेला वाटा द्यायचा की नाही, असे प्रश्न आजही गावोगाव उभे राहतात. अडीचशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाला एका राज्यकर्त्या स्त्रीने ठाम उत्तर दिले होते. तिच्यावरही हीच वेळ येऊन गेली होती, म्हणून त्या उत्तराला वजन होते. अहिल्याबाई होळकर यांचे हे चरित्र मंदिरे आणि घाटांपेक्षा त्यांच्या न्यायाच्या बाजूने पाहण्यासारखे आहे.

चांदवडशी नाते काय?

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याकडे निघाले, की चांदवड लागते. डोंगराच्या कुशीतले रेणुकामातेचे मंदिर आणि गावातला लाकडी कोरीवकामाचा रंगमहाल ही इथली ओळख. होळकरांच्या या वाड्याला आणि रेणुकामातेच्या मंदिराला अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे. दख्खनमधून माळव्यात जाणाऱ्या वाटेवरचे हे ठाणे होळकरांसाठी महत्त्वाचे होते. इथल्या टांकसाळीत पडणारा चांदवडी रुपया बाजारात चालत असे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. हे गाव आता अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. लहान वयातच त्यांचा विवाह मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी झाला. मालेराव आणि मुक्ताबाई ही त्यांची दोन मुले.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना थांबवले आणि पुढे कारभारात तयार केले. वसुली, पत्रव्यवहार, फौजेची रसद अशी कामे त्यांच्याकडे येत गेली.

स्वतःच्याच हक्काची लढाई कोणती?

२० मे १७६६ रोजी मल्हाररावांचे निधन झाले. गादीवर आलेले मालेराव वर्षभरातच, १७६७ मध्ये वारले. सासरा, पती आणि मुलगा असे तिघेही गेल्यावर दौलतीचे काय, हा प्रश्न उभा राहिला.

होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी तोडगा सुचवला. एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, बाईंना निर्वाहाची नेमणूक लावून द्यावी आणि कारभार दिवाणाने पाहावा, असा तो बेत होता. राघोबादादांचा त्याला पाठिंबा होता. वरवर पाहता हा सल्ला धर्माला आणि रिवाजाला धरून वाटत होता. प्रत्यक्षात त्याने दौलतीची सूत्रे बाईंच्या हातून जाणार होती.

अहिल्याबाईंनी नकार दिला. आपण एका धन्याची पत्नी आणि दुसऱ्याची आई आहोत, त्यामुळे पुढचा वारस निवडण्याचा अधिकार आपला आहे, दिवाणाचा नाही, ही त्यांची भूमिका होती. राघोबादादा फौज घेऊन माळव्यात उतरले, तेव्हा त्यांनीही लढाईची तयारी केली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी राघोबादादांना साथ दिली नाही. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंचा अधिकार मान्य केला आणि राघोबादादांना माघार घ्यावी लागली.

पुढे फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे गेली. मुलकी कारभार अहिल्याबाईंनी स्वतःकडे ठेवला आणि नर्मदाकाठचे महेश्वर राजधानी केले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी निधन होईपर्यंत, सुमारे २८ वर्षे, हा कारभार चालला.

सिरोंजचे प्रकरण काय होते?

त्या काळी मूल नसलेला श्रीमंत सावकार वारला, की त्याच्या घरावर राज्यकर्त्यांची नजर जाई. संपत्ती बेवारस ठरवून सरकारजमा करायची, किंवा दत्तकाला मान्यता देण्यासाठी भरमसाट नजराणा मागायचा, हे अनेक दरबारांत सर्रास चाले.

जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी अहिल्याबाईंच्या निधनानंतर दोन दशकांनी माळव्यात आला. त्याने लोकांकडून ऐकलेल्या हकिकती १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवल्या. त्यातली एक सिरोंजची आहे. हे ठिकाण आता मध्य प्रदेशातील विदिशा जिल्ह्यात येते.

सिरोंजचा खेमादास हा सावकार निपुत्रिक वारला. विधवेला दत्तक घ्यायचा होता. तिथल्या अधिकाऱ्याने त्यासाठी तीन लाख रुपये मागितले. न दिल्यास मालमत्ता जप्त होण्याची धास्ती घातली. विधवेने पैसे मोजले नाहीत. ती मुलाला घेऊन थेट महेश्वरला गेली.

अहिल्याबाईंनी तक्रार ऐकली, अधिकाऱ्याला कामावरून दूर केले आणि दत्तकविधान मान्य केले. दरबाराला भेट म्हणून देऊ केलेली रक्कम त्यांनी घेतली नाही. मुलाला मांडीवर बसवून कपडे, दागिने आणि पालखी देऊन त्यांनी परत पाठवले.

दरबारात मुलाला मांडीवर बसवणे ही नुसती माया नव्हती. त्या काळात ती जाहीर मान्यताच होती. सिरोंजला परतलेल्या त्या मुलाच्या वारसपणावर नंतर कोणताही अधिकारी शंका घेऊ शकणार नव्हता.

तुकोजी होळकरांनाही नियम लागू होता का?

होता. इंदूरचा देवचंद हा सावकार मूलबाळ नसताना वारला. तुकोजी तेव्हा फौजेसह इंदूरजवळ तळ देऊन होते. काही मतलबी लोकांच्या सल्ल्याने त्यांनी त्या संपत्तीत वाटा मागितला. विधवा महेश्वरला पोहोचली. अहिल्याबाईंनी तिला घराची आणि मालमत्तेची मालकीण म्हणून मान्यतेची वस्त्रे पाठवली आणि तुकोजींना तळ इंदूरपासून मागे नेण्याचा हुकूम केला. सेनापतीने तो पाळला.

फौज ज्याच्या हातात, त्याला हा हुकूम देणे सोपे नव्हते. राज्याला पैशांची गरज असे आणि तुकोजींच्या मोहिमांचा खर्च मोठा होता. तरीही विधवेची तिजोरी हा सरकारी उत्पन्नाचा मार्ग नाही, एवढी रेघ त्यांनी आखून दिली.

तक्रार थेट कशी पोहोचत असे?

अहिल्याबाई पडदा पाळत नसत. माल्कमच्या नोंदीनुसार त्या दुपारी दोनच्या सुमारास दरबारात बसत आणि संध्याकाळी सहापर्यंत काम चाले. पूजा आणि फराळानंतर रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज होई. तंटे आधी पंचांकडे किंवा कारभाऱ्यांकडे जात. तिथे न्याय मिळाला नाही, तर त्यांच्यापर्यंत येण्याची वाट मोकळी होती.

समाजमाध्यमांवर फिरणारी एक कथा मात्र जपून वाचावी. रथाखाली वासरू चिरडल्याबद्दल अहिल्याबाईंनी मुलालाच रथाखाली देण्याची शिक्षा सुनावली, असे त्यात सांगतात. अगदी अशीच कथा तमिळनाडूत मनुनीती चोळ राजाच्या नावाने फार पूर्वीपासून सांगितली जाते. माल्कमच्या नोंदीत मालेरावांचा मृत्यू आजारपणातला आहे. अहिल्याबाईंचा न्याय समजून घ्यायला सिरोंजचे प्रकरण पुरेसे आहे.

वाटसरूंसाठी काय केले?

माळव्यातल्या डोंगरवाटांवर भिल्ल टोळ्या व्यापाऱ्यांना अडवत. नुसत्या फौजेने हा प्रश्न सुटत नव्हता. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर लहानसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क, म्हणजे भिलकवडी, अहिल्याबाईंनी मान्य केला. त्याबदल्यात त्या हद्दीत चोरी झाली तर भरपाईची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. कर घेणाऱ्याने वाट सुरक्षित ठेवली पाहिजे, हा त्यातला करार होता.

आज महामार्गावर टोल भरणाऱ्या वाहनचालकाचा हक्कही याच विचारावर उभा आहे. टोलचे दर नाक्यावर फलकावर लावणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली, तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील परवाना आणि वाहनाची कागदपत्रे तपासणीत ग्राह्य धरली जातात. अधिकाऱ्याने परवाना ताब्यात घेतलाच, तर त्याची पोच मिळणे हा चालकाचा हक्क आहे.

त्यांना काय जमले नाही?

१७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. अहिल्याबाईंनी परोपरीने विनवले, पण लेक थांबली नाही. शेकडो विधवांच्या मालमत्तेला संरक्षण देणाऱ्या राज्यकर्तीला स्वतःच्या मुलीचा जीव वाचवता आला नाही. रूढीविरुद्ध उभा राहील असा कायदा तेव्हा नव्हता. सतीबंदीचा कायदा बंगाल प्रांतात आला तो १८२९ मध्ये.

दुसरी मर्यादा व्यवस्थेची होती. सिरोंजच्या विधवेला न्याय मिळाला, कारण महेश्वरला अहिल्याबाई होत्या. १७९५ मध्ये त्या गेल्या, १७९७ मध्ये तुकोजी वारले आणि वारसांच्या भांडणात होळकरशाही होरपळली. १८१८ च्या मंदसोर तहानंतर चांदवडसह सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा, नागपूर आणि झाशीची संस्थाने खालसा केली. एका चांगल्या राज्यकर्तीवर अवलंबून असलेला हक्क तिच्याबरोबरच संपला.

आज कायदा काय सांगतो?

हा हक्क कायद्यात यायला मोठा काळ लागला. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत वाटा दिला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ती पूर्ण मालकीण झाली. ती हा वाटा विकू शकते, दान देऊ शकते, मृत्युपत्राने देऊ शकते. हा कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी वारसाचे नियम वेगळे आहेत.

एक सोपे उदाहरण घेऊ. एखाद्याने मृत्युपत्र केले नाही आणि त्याच्यामागे पत्नी, आई, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. त्याच्या स्वकष्टाच्या मालमत्तेचे चार समान वाटे होतात. पत्नीने नंतर पुनर्विवाह केला, तरी मिळालेला वाटा जात नाही. मुलीचे लग्न झाले असले, तरी तिचा वाटा राहतो.

दत्तकासाठीही आता कोणत्या अधिकाऱ्याला नजराणा द्यावा लागत नाही. १९५६ च्याच दत्तक व निर्वाह कायद्यानुसार हिंदू विधवेला स्वतःच्या अधिकारात, कायद्यातील अटी पाळून, दत्तक घेता येतो. दत्तकपत्र नोंदवलेले असेल, तर पुढे वाद झाल्यास ते उपयोगी पडते.

वारस नोंद अडवली तर काय करावे?

शेतजमिनीच्या बाबतीत वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवायचे असते. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्जही करता येतो. मृत्यूचा दाखला जोडून सर्व वारसांची नावे द्यावीत. पत्नी, मुली किंवा आई यांचे नाव वगळून केलेली नोंद ही पुढच्या वादाची सुरुवात असते. त्यानंतर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडल अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. निर्णय मान्य नसेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

नाव लागले नाही म्हणून वाटा बुडत नाही, हे लक्षात ठेवावे. फेरफार ही महसुली नोंद आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालय ठरवते.

हक्कसोडपत्राबाबत विशेष सावध राहावे. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा, तर दस्त नोंदणीकृत लागतो आणि तो स्वखुशीने केलेला असावा लागतो. सही करण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही. दुःखाच्या दिवसांत समोर आलेला कागद वाचल्याशिवाय, कोणाला तरी दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये.

नोंदीसाठी कोणी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तरी अडून राहण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्न कितीही असले, तरी स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

खेमादासाच्या पत्नीला दाद मागण्यासाठी मुलाला घेऊन सिरोंजहून महेश्वरपर्यंत जावे लागले. चांदवड तालुक्यातल्या एखाद्या विधवेला आज तालुक्याच्या गावापर्यंत जावे लागेल. पण तिच्याप्रमाणे निघावे मात्र लागेलच.