एक्स्प्लेनर : एका काचेवर तीन फोटो! रंगीत रशिया टिपणारे प्रोकुदिन-गोर्स्की कोण होते?

सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की (१८६३-१९४४) हे रशियन रसायनतज्ज्ञ आणि छायाचित्रकार. निळा, हिरवा, लाल अशा फिल्टरमधून ते एकाच काचेवर तीन कृष्णधवल फोटो घेत. १९०९ पासून झारच्या पाठबळाने, रेल्वेच्या डब्यात डार्करूम थाटून त्यांनी साम्राज्य पालथे घातले.

क्रांतीनंतर १९१८ मध्ये त्यांनी देश सोडला. पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने वारसांकडून काचा विकत घेतल्या.

पायथनशी संबंध काय?

काचेवर वरून खाली निळा, हिरवा, लाल असा क्रम आहे. ओपनसीव्हीही फोटो याच क्रमाने वाचते; मॅटप्लॉटलिबला मात्र लाल आधी लागतो. तिन्ही पट्टे जुळवल्यावर क्रम उलटला नाही, तर १९११ च्या फोटोतील बुखाराच्या अमिराचा निळा झगा लालसर दिसेल.